एक गाडी आधी

अस्सल मुंबईकरासमोर "सबवे" हा शब्द उच्चारून बघा. त्याच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क येत नाही, मिलन सबवे येतो. म्हणजे रुळांखालून जाणारा, आणि पाऊस जरा जोरात आला की स्वतःच पाण्याखाली जाणारा रस्ता. अंधेरी सबवेही त्याच घराण्यातला. त्यामुळे गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये "कुठल्या शहराचा सबवे सगळ्यात भारी" या विषयावर रात्री दीडपर्यंत वाद रंगला, तेव्हा पहिली दहा मिनिटं मी भलत्याच विषयावर बोलत होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

वाद पेटवला आमच्या दिल्लीकराने. त्याचं म्हणणं सरळ होतं. दिल्लीत २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी मेट्रो धावली, तेव्हा मुंबईत मेट्रोचा एक खांबसुद्धा उभा नव्हता. मुंबईची पहिली मेट्रो (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर) ८ जून २०१४ ला सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं १२, आणि पायाभरणी जून २००६ मधली! कोणीतरी लगेच कॅल्क्युलेटर काढला आणि जाहीर केलं की एका किलोमीटरला साधारण साडेआठ महिने लागले. हशा झाला. मी गप्प.

मग कोलकातावाला उठला. "तुम्ही दोघं कालची पोरं. भारतातली पहिली मेट्रो आमची. २४ ऑक्टोबर १९८४, एस्प्लनेड ते भवानीपूर. आणि २०२४ पासून आमची मेट्रो हुगळीच्या खालून जाते. तुमच्याकडे पवई लेकच्या काठाने तरी जाते का?" पुन्हा हशा.

तिसरा आमचा सीनियर, सिंगापूर रिटर्न. तिथे इंटर्नशिप करून आल्यापासून हा मनुष्य सरकत्या जिन्यावर डावीकडेच उभा राहतो आणि बाकीच्यांनाही उजवी बाजू मोकळी सोडायला लावतो. त्याने फार वाद घातला नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "तिथे टाइमटेबल बघावंच लागत नाही."

आता मी पडलो डोंबिवलीकर. लोकलवर कोणी बोललं की माझ्या पोटात दुखतं. मी १८५३ पर्यंत मागे गेलो. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा लंडनची भुयारी रेल्वे सुरू व्हायला अजून जवळजवळ दहा वर्षं होती (ती १० जानेवारी १८६३ ची). ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला गाडी विजेवर धावली, तेव्हा टोकियोत भुयारी रेल्वे नव्हती आणि सिंगापूरची एमआरटी यायला बासष्ट वर्षं बाकी होती. मी हे सगळं एका दमात म्हणालो. त्यावर दिल्लीकर शांतपणे म्हणाला, "ते ठीक आहे. पण उद्या सकाळी अकराला तुला बीकेसीत पोचायचं असेल, तर तू किती वाजता निघशील?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. आणि गंमत अशी की पुढच्याच आठवड्यात मला खरोखर सकाळी अकराला बीकेसीत पोचायचं होतं.

* * *

इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. मी व्यवस्थित प्लॅन केला. मेन गेटवरून रिक्षाने आरे जेव्हीएलआर स्टेशन, तिथून मेट्रो-३ ने बीकेसी, मग थोडं चालणं. रिक्षा २० मिनिटं, मेट्रो २५, चालणं १५. एकूण एक तास. शहाणपणा म्हणून वर दहा मिनिटं ठेवली आणि नऊ पन्नासला हॉस्टेल सोडलं.

मेट्रोने आपला शब्द तंतोतंत पाळला. थंडगार डबा, गर्दी बेताची, बीकेसी २५ मिनिटांच्या आत. फक्त रिक्षाला २० ऐवजी ५० मिनिटं लागली. जेव्हीएलआरवर काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक काहीच झालं नव्हतं, नेहमीचंच होतं. अकरा अठ्ठावीसला मी घामाघूम होऊन रिसेप्शनवर उभा होतो. त्यांनी पाणी दिलं, "कळवतो" म्हणाले. आजतागायत कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये चहा घेताना माझा चेहरा बघून तिथल्या काकांनी विचारलं, "काय रे, पडला का पेपर?" मी सगळी हकिगत सांगितली. काका अंबरनाथहून येतात. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "तू गाडी मिळेल असं धरून निघालास. आम्ही गाडी चुकेल असं धरून निघतो."

मी विचारलं, म्हणजे?

मग त्यांनी त्यांचा हिशोब सांगितला. सकाळी सहाच्या आत इथे हजर व्हायचं असेल, तर त्यांना एक ठरावीक लोकल पुरते. त्या लोकलने कांजूरमार्गला उतरायचं, बस मिळाली तर बस, नाहीतर सरळ चालत सुटायचं. पण ते त्या लोकलने कधीच येत नाहीत. ते तिच्या आधीची पकडतात. रोज. "का काका? ती गाडी रोज उशिरा येते का?" "नाही रे. महिन्यातून दोन-तीनदाच. पण कुठल्या दिवशी, ते कुणी सांगत नाही ना." मागे दुसरीकडे कामाला होते तेव्हा दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा खाडा पडायचा. तेव्हापासून ही सवय लागली. एक गाडी आधी.

मला वाटतं, शहराशहरांच्या मेट्रोंची तुलना करण्याचं खरं माप काकांनी दोन वाक्यांत दिलं. गाडी किती वेगाने जाते, डबा थंड आहे का, स्टेशन किती चकचकीत आहे, हे सगळं नंतर. आधी हे बघायचं की त्या गाडीवर ज्याची रोजीरोटी आहे तो माणूस खबरदारी म्हणून घरातून किती लवकर निघतो. काकांच्या दोन गाड्यांमध्ये पंचवीस मिनिटांचं अंतर आहे. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरा. ७५०० मिनिटं, म्हणजे १२५ तास. पाच दिवस आणि वर पाच तास. एवढी झोप दर वर्षी एक माणूस भरवसा नाही म्हणून भरतो. याची पावती मिळत नाही, आणि कुठल्याही अहवालात हा खर्च दिसत नाही.

* * *

आता थोडं गणित. (घाबरू नका, एंडसेमला येणार नाही.)

आपण सगळे सरासरीवर जगतो. "रिक्षाला वीस मिनिटं लागतात" ही सरासरी आहे. पण इंटरव्ह्यू सरासरीवर होत नाही, त्या दिवशीच्या रिक्षावर होतो. समजा एका मार्गावर बरोबर दर चार मिनिटांनी गाडी येते. तुम्ही कधीही जा, सरासरी दोन मिनिटं थांबाल. आता समजा त्याच गाड्या एकदा एका मिनिटाने, एकदा सात मिनिटांनी, अशा आलटून पालटून येतात. सरासरी अंतर तेच, चार मिनिटं. ताशी गाड्याही तेवढ्याच. टाइमटेबल छापणाऱ्याच्या दृष्टीने काही बिघडलं नाही. पण प्रवाशाचं सरासरी थांबणं आता दोन मिनिटं राहत नाही, ते तीन मिनिटांच्या वर जातं. कारण आठ मिनिटांतली सात मिनिटं मोठ्या फटीची आहेत, म्हणजे आठांतले सात प्रवासी त्या फटीतच येऊन उभे राहतात. मोठ्या फटीनंतरची गाडी तुडुंब भरते, तिच्या मागोमागची रिकामी पळते. बसस्टॉपवर तीन बस एकदम येताना ज्यांनी बघितल्यात, त्यांना हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट साखळीची. माझ्या प्रवासात तीन कड्या होत्या: रिक्षा, मेट्रो, चालणं. उदाहरणापुरतं धरू की मेट्रो शंभरातल्या ९९ दिवशी वेळेवर असते, चालणंही ९९ दिवशी, आणि रिक्षा फक्त ७०. तिन्हींचा गुणाकार करा. उत्तर साधारण ६९ येतं. मेट्रो ९९ वरून ९९.९ वर नेली तरी माझ्या नशिबात फरक पडतो एका टक्क्याहूनही कमी. रिक्षाची कडी ७० वरून ९० वर आणली, तर मी एकदम ८८ वर जातो. म्हणून मेट्रोच्या वक्तशीरपणाचा आकडा ऐकला की मला एकच विचारावंसं वाटतं: हा आकडा गाडीचा आहे की माणसाचा?

* * *

हे माप घेऊन जगात एक चक्कर मारून येऊ. वादातल्या सगळ्यांना थोडाथोडा न्याय मिळेल.

सिंगापूर रिटर्नचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. तिथे गाड्यांचा भरवसा मोजायची चांगली पद्धत आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त खोळंबा करणारे दोन बिघाड, आणि त्यांच्यामध्ये गाड्या सरासरी किती किलोमीटर धावल्या, हा आकडा जाहीर होतो. लक्ष्य ठेवलं होतं दहा लाख किलोमीटरचं. पण तिथेही ७ ऑक्टोबर २०१७ ला बिशान आणि ब्रॅडेल या स्टेशनांमधल्या बोगद्यात पावसाचं पाणी भरलं आणि गाड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद राहिल्या. चौकशीत काय निघालं? पाणी उपसायचे पंप होते. त्यांची देखभाल झाल्याच्या नोंदीही होत्या. फक्त देखभाल झाली नव्हती! लॅब जर्नल आदल्या रात्री पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर फार हसू नये.

आपल्याकडे २६ मे २०२५ च्या पावसात मेट्रो-३ च्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, तेव्हा ते स्टेशन उघडून तीन आठवडेही झाले नव्हते. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी आत आलं. पाणी बघून सगळ्यांनी टिंगल केली, मीही केली. पण पाणी कुठेही भरू शकतं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कचे बोगदे समुद्राच्या पाण्याने भरले होते. नंतर काय केलं, आणि ते प्रवाशाला सांगितलं का, यावर शहराची परीक्षा होते.

न्यूयॉर्कचं कौतुक वेगळ्या कारणासाठी करायला हवं. १९०४ पासून चालू असलेला हा सबवे रात्रंदिवस चालतो (कोरोनाच्या काळातलं वर्षभर सोडलं तर). बऱ्याच मार्गांवर चार रूळ आहेत, त्यामुळे दोन दुरुस्तीला घेतले तरी दोन उरतात. आपल्या लोकलच्या फास्ट-स्लोसारखंच. पण जुन्या यंत्रणेची किंमत त्यांनीही मोजली. सिग्नलची काही उपकरणं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, आणि गाड्या इतक्या रखडायला लागल्या की जून २०१७ मध्ये तिथल्या गव्हर्नरने सबवेसाठी आणीबाणी जाहीर केली. म्हणजे रात्रभर चालण्याची सोय होती, पण दिवसा भरवसा नव्हता. सोय आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वाद त्या एकच समजून होतात.

टोकियोत उलट. तिथली भुयारी रेल्वे १९२७ पासूनची, मध्यरात्रीनंतर बंद होते, गर्दीही आपल्या तोडीची. पण गाडी पाचेक मिनिटं उशिरा आली की स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो. तो ऑफिसात दाखवायचा, म्हणजे दोष तुमच्यावर येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी २० सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने माफी मागितली होती. जगभर लोकांना त्याचं हसू आलं. मला नाही आलं. लवकर सुटलेली गाडी उशिरा आलेल्या गाडीपेक्षा वाईट, कारण वेळेवर आलेल्या माणसाची ती चुकते. आणि त्या दाखल्याचा विचार केला की मला काकांचा अर्धा खाडा आठवतो. उशीर दोन्हीकडे होतो. तिकडे त्याचा बोजा कंपनी उचलते, आपल्याकडे तो ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे त्याच्यावर येतो.

* * *

आता माझ्या लाडक्या लोकलबद्दल. लोकलची बाजू घेताना मी नेहमी सांगतो की इतक्या स्वस्तात, इतक्या लांबवर, इतकी माणसं रोज नेणारी दुसरी व्यवस्था दाखवा. पहाटे चारच्या सुमारास, मेट्रो अजून झोपलेली असते तेव्हा, काकांना आणणारी लोकलच. एक मार्ग अडला तर स्लोची गाडी फास्टवरून काढणारी लोकलच. ११ जुलै २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शहराला कामावर नेणारीही लोकलच. आणि रविवारचा मेगाब्लॉक! त्याला आपण शिव्या घालतो, पण तो प्रामाणिक असतो. आधी सांगून येतो. सांगून झालेली गैरसोय माणूस सोसतो. न सांगता झाली की त्याला घरातून लवकर निघायची सवय लागते.

पण एक गोष्ट मी त्या रात्रीच्या वादात मुद्दाम बोललो नव्हतो, ती इथे लिहिली पाहिजे. भरवसा म्हणजे वेळेवर पोचण्याचा भरवसा, हे खरं. त्याआधी पोचण्याचा भरवसा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं गेली आहेत, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. मी त्याच वळणावरून घरी जातो. दारात उभा राहून गेलोय, आणि "आम्ही दारातले" असं अभिमानाने सांगितलंय. तो अभिमान आता मला नीट सांगता येत नाही. मेट्रोचं दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, या एका गोष्टीवर दिल्लीकर आणि कोलकातावाला दोघंही माझ्यापुढे आहेत. ते मान्य करून टाकतो.

* * *

मग आपल्या पवईचं काय?

मेन गेटबाहेर जेव्हीएलआरवर जे खांब उभे आहेत, ते मेट्रो-६ चे. स्वामी समर्थ नगर (लोखंडवाला) ते विक्रोळी, सुमारे १५ किलोमीटर, १३ स्थानकं, त्यात पवई लेक आणि आयआयटी पवई ही आपली. २०१६ साली मंजूर झालेला हा मार्ग मी हे लिहितोय तोवर सुरू झालेला नाही. कारशेडचा घोळ आठवत असेलच. २०२० मध्ये मेट्रो-३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाने त्या जागेवरचं काम थांबवलं, २०२२ मध्ये मेट्रो-३ ची कारशेड परत आरेत गेली. जागेच्या या भांडणात मेट्रो-६ चीही वर्षं गेली. चूक कोणाची यावर मेसमध्ये दोन पक्ष आहेत. मला त्यात पडायचं नाही.

मला म्हणायचंय ते असं. मेट्रो-६ येईल तेव्हा उद्घाटन होईल, फोटो निघतील, आणि आपण पहिल्या दिवशी उगाच जोगेश्वरीपर्यंत जाऊन येऊ. त्याच्या आधी आपण चार गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, कांजूरमार्गला मेट्रोतून उतरून लोकलच्या प्लॅटफॉर्मवर जायला किती मिनिटं लागणार, आणि ती पावसात भिजत की छपराखालून? घाटकोपरला मेट्रो आणि रेल्वेचा पूल जोडलेला आहे, म्हणून तिथे गर्दी असूनही लोक मेट्रोने जातात. आज 'मुंबई वन' या ॲपवर (ऑक्टोबर २०२५ पासून) लोकल, मेट्रो, बस मिळून ११ सेवांचं तिकीट एकत्र काढता येतं. तिकिटं जोडली, छान झालं. आता जिनेही जोडा.

दुसरी, स्टेशन रस्त्याच्या मधोमध, आणि दोन्ही बाजूंना वाहनांचा लोंढा. कॅम्पसच्या बाजूला आणि पलीकडे, दोन्हीकडे नीट उतरता येणार का? की शेवटचे पन्नास मीटर पुन्हा जीव मुठीत धरून?

तिसरी, पहिली गाडी किती वाजता? सकाळी साडेआठच्या लेक्चरला जाणाऱ्यांसाठी कुठलीही मेट्रो वेळेवरच असते. प्रश्न मेसचा, सिक्युरिटीचा, साफसफाईचा, हॉस्पिटलच्या पहिल्या पाळीचा आहे. पहिल्या लोकलला जोडून पहिली मेट्रो नसेल, तर ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज त्यांच्यासाठी ती अस्तित्वातच नाही.

चौथी, वक्तशीरपणाचा आकडा कोणाचा देणार? गाडीचा नको, माणसाचा द्या. घरून निघून कामावर पोचेपर्यंतचा.

आमच्या एका सरांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, पण लवकर निघणं ही शिस्त आहे. आम्ही नाही का निघायचो?" सरांचा मान ठेवून सांगतो, एक माणूस लवकर निघाला तर ती शिस्त. सगळं शहर रोज लवकर निघतं, तेव्हा त्याला शिस्त म्हणत नाहीत. तो डिझाइनमधला दोष असतो, आणि आपण तो माणसांच्या झोपेने भरून काढतो. आपण इंजिनीअर होणार आहोत. फॅक्टर ऑफ सेफ्टी मशीनमध्ये घालायचा असतो, मेसच्या काकांमध्ये नाही.

म्हणून एक प्रस्ताव. आपल्याकडे कोर्स प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाहीत अशी ओरड कायम असते. एक वही घेऊ. कॅम्पसवर रोज बाहेरून येणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी महिनाभर तीन वेळा लिहाव्यात: घरून कधी निघालो, कामावर कधी पोचलो, आणि भरवसा असता तर कधी निघालो असतो. पहिली आणि तिसरी वेळ यांतला फरक, तो आपल्या शहराचा खरा आकडा. मेट्रो-६ च्या आधी महिनाभर, नंतर महिनाभर. लिहायला वेळ नसेल त्यांचं आपण विचारून लिहू. विंगमधले दिल्लीकर, कोलकातावाला आणि सिंगापूर रिटर्न तिघंही मदतीला तयार आहेत (रात्री दीडला "हो" म्हणाले होते, पण तरी). ज्यांना यात यायचंय त्यांनी मासिकाच्या मराठी विभागातल्या कोणालाही गाठा.

वहीतली पहिली नोंद मी परवा घेतली. काकांना विचारलं, "काका, भरवसा असता तर कुठल्या गाडीने आला असता?"

त्यांनी चहाचं पातेलं उतरवलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "लिही, पुढची. पण अजून निघणार नाही हां मी तिने."

ज्या दिवशी काका त्या पुढच्या गाडीने येतील आणि तरी सहाच्या आत चहा तयार असेल, त्या दिवशी पवईत मेट्रो आली असं मी समजेन. उद्घाटन कधीही होवो.